गडावरच्या हाका

आम्हां सोलापूरकरांना डोंगर कळत नाही. उगाच खोटं कशाला बोलू? आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल आणि उतार म्हणजे त्याच पुलाची पलीकडची बाजू. किल्ला म्हणाल तर तोही गावाच्या मधोमध, सपाटीवर. तिकीट काढायचं, बागेत बसून भेळ खायची आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. अशा माणसांचं कुलदैवत दुधनीच्या पुढं, कर्नाटकातल्या एका डोंगरी किल्ल्यावर जाऊन बसावं, हा मला लहानपणापासून देवाचा आगाऊपणाच वाटत आलाय. आई म्हणते, जीभ आवर. पण तीसुद्धा दर खेपेला पायथ्याशी उतरून वर बघते आणि "अगं बाई" म्हणतेच की.

त्या वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न झालं. आमच्यात रीत अशी, की अंगाची हळद उतरायच्या आत नव्या जोडप्यानं कुलदैवताला जाऊन यायचं, शालूला उपरण्याची गाठ मारून, जोडीनं. मी म्हटलं, "अगं आई, ऊन बघ की जरा. त्यात तो तापलेला कातळ. पाऊस पडला की जाऊ." आई म्हणाली, "देवाला पावसाची वाट बघायला लावतीस व्हय?" झालं, विषय संपला. मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस सांभाळते. लग्नाच्या रजेला शेपूट जोडताना साहेबांचं तोंड बघवत नव्हतं. माझे मिस्टर मात्र हुशार. "तुमचं कुलदैवत, तुम्ही बघा," म्हणाले आणि पंख्याखाली आडवे झाले.

तर निघालो आम्ही. आई, माझे वडील म्हणजे अण्णा, भाऊ, त्याची नवी बायको आणि मी. भाड्याची जीप आणि तिचा ड्रायव्हर. सोलापूर सोडताना हवा बरी होती. अक्कलकोट मागं पडलं तशी खिडकीतून भट्टीची झळ यायला लागली. दुधनी आली, गेली. दुधनीत नव्या नवरीच्या वडिलांचं भुसाराचं दुकान. जीप त्या रस्त्यावरूनच गेली, पण देवाला जाताना मधे कुठं टेकायचं नाही म्हणून आईनं थांबू दिलं नाही. पोरीनं मान वळवून दुकानाकडं पाहिलं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत वडील काही दिसले नाहीत. ती परत नीट बसली.

स्वभावानं ती गरीब वाटायची. घरी कानडी, शाळेत मराठी, अशी वाढलेली. आमच्या घरी आल्यापासून बोलायच्या आधी एकदा आवंढा गिळायची आणि मग बोलायची. आमचं घर म्हणजे सगळे एकदम बोलणारे. तिचा नंबर कधी लागायचा? पण तो डोंगर लांबून दिसायला लागला आणि ती एकदम खुलली. "अक्का, आमची शाळेची सहल दर वर्षी हितंच यायची," ती मला म्हणाली. "बुरूज, धान्याचं कोठार, मागची वाट, सगळं पाठ हाय मला." मी म्हटलं, "मग तूच आमची गाईड गं बाई. तुझ्या नवऱ्याला तर स्टेशनवर प्लॅटफॉर्मसुद्धा सापडत नाही." ती तोंडावर हात धरून हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पायथ्याशी एक चहाचं पत्र्याचं हॉटेल आहे. दर खेपेला तो हॉटेलवाला गाडी दिसली रे दिसली की धावत येतो, नारळ घ्या, हार घ्या, काठी घ्या म्हणून जीव खातो. त्या दिवशी कोणी आलं नाही. हॉटेल उघडं होतं, माणूस नव्हता. बाकड्यावर चहाचे कप तसेच होते, अर्धे भरलेले, वर साय धरलेली. एक स्टूल आडवं पडलेलं. माश्या घोंगावत होत्या. आई म्हणाली, "कुटं गेली म्हणायची ही माणसं?" ड्रायव्हर म्हणाला, "बाजाराला गेली असतील की," आणि सीट मागं पाडून झोपायच्या तयारीला लागला. मला ते काही बरोबर वाटलं नाही. बाजाराला जाणारा माणूस गल्ला उघडा टाकून जातो का? पण उन्हं चढायच्या आत वर पोचायचं होतं. आम्ही पायऱ्यांना लागलो.

तिथून गडावर जायला दोन वाटा आहेत. पुढून जुन्या दगडी पायऱ्या, आणि मागून वनखात्यानं हौशी ट्रेकिंगवाल्यांसाठी केलेली पायवाट. दगडांवर पिवळे बाण, अवघड जागी लोखंडी पाइप. ती वाट थेट कड्याच्या काठानं जाते. आम्ही अर्थातच पायऱ्यांची माणसं. रीतीप्रमाणं भावानं पहिल्या पाच पायऱ्या बायकोला उचलून घेतलं. पाचवीला त्याचे डोळे पांढरे झाले. मी म्हटलं, "लग्नातल्या जिलब्या सोसल्या नाहीत वाटतं." सगळे हसले. आमचं हसणं वर कातळावर आपटून परत आलं, तेवढाच काय तो आवाज. बाकी डोंगर चिडीचूप होता.

मग वाटेत वस्तू दिसायला लागल्या. आधी पाण्याची बाटली, भरलेली, सीलसुद्धा न फोडलेली. थोडं वर एक लेडीज चप्पल. मग टोपी. मग स्टीलचा डबा, झाकण उडालेलं, चपात्या पायऱ्यांवर पसरलेल्या. मला कचरा करणाऱ्यांची भयंकर चीड आहे. माझा पट्टा सुरू झाला. "बघा, देवाच्या दारात येऊन हे धंदे. खायचं, टाकायचं, आणि चालू पडायचं. अन्नाचीसुद्धा लाज नाही मेल्यांना." मी बडबडत होते आणि नवी नवरी त्या चपात्यांकडं बघत उभी होती. हळूच म्हणाली, "अक्का, हितं वानरं असत्यात. लई असत्यात. सहलीला आमचे डबे पळवायची." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "चपात्या तशाच हायत की."

मी वर पाहिलं. तटावर, झाडांवर, बुरुजावर एकही वानर नव्हतं. एरवी पिशवी छातीशी धरून चढावं लागतं.  पण आईला काही बोलायची सोय नव्हती. अर्ध्या वाटेतून देवाला पाठ दाखवायची म्हणजे तिच्या लेखी घोर पाप. आम्ही चढत राहिलो.

दरवाजा जवळ आला तसे अण्णा थांबले. अण्णांची सगळी हयात यंत्रमागावर गेली. कान जवळजवळ गेलेत, घरात टीव्ही लावला की शेजारच्यांना वेगळा लावावा लागत नाही. ते थांबले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "कुटंतरी माग चालू हाय."

"अण्णा, डोंगरावर कुठला आलाय माग?"

"चालू हाय गं. मला कळत न्हाय व्हय? लांब हाय, पण चालू हाय."

आम्ही सगळ्यांनी कान देऊन ऐकलं. आधी काही नाही. मग मलाही जाणवलं, ऐकू येण्यापेक्षा दातांत जाणवलं. बारीक, एकसारखी घरघर. कुठून येते ते कळेना. भाऊ म्हणाला, पलीकडं दगडाची खाण असेल, मशीन चालू असेल. आम्हाला ते लगेच पटलं. शहरातली माणसं आम्ही, कुठलाही आवाज आला की मशीन असेल म्हणून मोकळे.

गडाचा दरवाजा प्रचंड आहे. बहामनी काळातला, म्हणतात. हत्ती अंबारीसकट जाईल एवढी कमान, आत दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या, म्हणजे भिंतीत कोरल्यासारख्या अंधाऱ्या खोल्या. बाहेर ऊन आणि आत काळोख, त्यामुळं पहिल्यांदा काहीच दिसत नाही. उजवीकडच्या कोनाड्यात आमचा देव. शेंदूर फासलेला तांदळा, चांदीचे डोळे, बस. गुरव नव्हता. देवाची पूजा झालेली नव्हती. कालची फुलं तशीच वाळून पडलेली. आई कळवळली. "माझ्या देवाला कुणी पानीसुदिक घातलं न्हाय गं," म्हणत तिनं पदरानंच कोनाडा पुसायला घेतला.

मी वर बघत होते. कमानीच्या आतल्या अंगाला, पार उंचावर, काळे काळे पोपडे लोंबत होते. एकेक परातीएवढा, काही त्याहून मोठे. मला वाटलं काजळी. शेकडो वर्षं इथं लोक ऊद जाळताहेत, धरली असेल छताला. मी मनात म्हटलंसुद्धा, कुणी साफ करत नाही, सरकारचं लक्ष नाही.

आमच्या देवाला ऊद लागतो. अगरबत्ती चालत नाही, आईला तर अगरबत्तीचं नाव काढलेलंसुद्धा खपत नाही. धुपाटण्यात गोवरीचा निखारा, त्यावर कापूर, त्यावर मुठीनं ऊद. जितका धूर तितकी भक्ती. भाऊ आणि नवी नवरी देवापुढं जोडीनं उभी राहिली, गाठ नीट केली. आईनं ऊद घातला. पांढराशुभ्र धूर उठला, देव दिसेनासा झाला, आणि तो धूर सरळ, वाऱ्याची झुळूक नव्हती म्हणून अगदी सरळ, वर कमानीत गेला.

ती घरघर थांबली. मला नीट आठवतंय, थांबली. अण्णा म्हणाले, "माग बंद झाला."

आणि मग छतावरचा एक पोपडा हलला.

आग्या मोहोळ होतं ते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते, त्या रानमाश्या. घरच्या मधमाशीच्या दुप्पट, आणि एकदा उठल्या की माणूस, जनावर बघत नाहीत. छत खाली आलं असंच मला वाटलं. उजेड गेला. पहिली माशी माझ्या कानाला डसली, तापलेली सुई खुपसावी तशी, आणि मी जी किंचाळले ती किंचाळतच राहिले. मी अण्णांचा दंड धरला आणि डावीकडच्या देवडीत घुसले. ओढणी दोघांच्या डोक्यावरून घेतली, अण्णांना कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसवलं आणि त्यांच्या पाठीवर पडले. ओढणीतून एवढंच दिसलं, की भावानं आईला कवेत घेतलंय, खांद्यावरचं उपरणं ओढून तिच्या तोंडावर टाकलंय आणि तिला जवळजवळ उचलून तो पायऱ्यांकडं पळतोय. त्या ओढाओढीत गाठ सुटली की त्यानं सोडली, हे मी त्याला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

प्रत्येकानं आपापलं माणूस धरलं होतं. मी बापाला, भावानं आईला. ती पोरगी आमच्यात नवी होती. तिला कोणी धरायचं हे अजून कुणाच्या हातांना ठाऊकच नव्हतं.

किती वेळ गेला, देव जाणे. आवाज हळूहळू विरला. मी ओढणी बाजूला केली. धुपाटणं उलटं पडलं होतं, ऊद अजून धुमसत होता. मी वर न बघता त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं. अण्णांच्या मानेवर, हातांवर चावे होते, पण श्वास नीट होता. "तुजी आई कुटाय?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात भाऊ वर आला, टॉवेलानं तोंड गुंडाळून. ओठ सुजून इडलीसारखा झालेला. आईला पायथ्याशी वडाच्या सावलीत बसवून आला होता; ती बरी होती. तो म्हणाला, "हिला बोलव. चला खाली पटकन."

मी म्हटलं, "ती तुझ्याबरोबर नाही?"

"तुझ्याबरोबर होती ना?"

 आम्ही दोघं एकदमच दरवाज्यातून आत धावलो.

दरवाज्यातून आत गेलं की गड सुरू होतो. पडके वाडे, मोडकी मशीद, वाळलेलं कमरेएवढं गवत, कोरडी टाकी. पलीकडं बुरूज, बुरुजाच्या बाजूनं ती पिवळ्या बाणांची वाट आणि तिच्या खाली कडा. आम्ही हाका मारायला लागलो, पण दबक्या आवाजात, कारण मोठ्यानं ओरडलं की माश्या परत उठतील ही भीती. मग भीती गेली आणि नुसतं ओरडणंच राहिलं.

इथं एक सांगायला हवं. आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. आईनं ज्योतिषाकडून अक्षर काढून आणलं होतं, भावानं त्यावरून नाव निवडलं, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नाव चांगलं होतं, ठसक्याचं. सवय लागावी म्हणून आईनं नियम काढला होता, की ज्याच्या तोंडून जुनं नाव निघेल त्यानं त्या वेळची भांडी घासायची. भाऊ पहिल्याच दिवशी कढई घासत बसला. लग्नाला चार दिवस होत होते, तोवर आम्ही सगळे पक्के झालो होतो. तर आम्ही त्या नव्या नावानं हाका मारत होतो. मी पडक्या वाड्यातून, भाऊ टाक्यांकडून, अण्णा दरवाज्यातून. तेच एक नाव तटांवर आपटून परत येत होतं. ती काही ओ देत नव्हती.

गवतात गजरा सापडला. पुढं हिरव्या काचा, चुड्याच्या. त्या काचा जिकडं गेल्या होत्या तिकडं बुरूज होता. बुरुजाला वळसा घातला तर पहिल्या पिवळ्या बाणाशी तिची चप्पल पडलेली. त्याच्या पुढं लोखंडी पाइप वाकलेला, आणि पाइपच्या पलीकडं काहीच नाही. खाली, पार खाली, बाभळी मेथीच्या जुडीएवढ्या दिसत होत्या.

भाऊ पोटावर आडवा पडून खाली बघायला लागला. मी त्याचा शर्ट मुठीत धरला. मला खाली बघवेना. मी देवाला शिव्या दिल्या, खरं सांगते, तोंडानं, मोठ्यानं. तुझ्या पाया पडायला आली होती रे ती, हळदसुद्धा निघाली नाही तिची, तुला लाज कशी वाटत नाही. अण्णा मागून धापा टाकत आले आणि त्यांनी ती चप्पल उचलून घेतली. "तिच्या बापाला सांगाय पायजे," म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. त्याची पोरगी हाय."

फोन मीच करायचा होता. दुसरं कोण करणार? भावाला ओठ हलवता येत नव्हता आणि अण्णांना फोनवर ऐकू येत नाही. बुरुजाच्या मागं जमिनीतून वर आलेला एक चौथऱ्यासारखा उंचवटा आहे, त्यावर चढलं की रेंज येते. त्यावर उभी राहून मी आधी दोनदा तिच्या नव्या नावानं शेवटच्या हाका मारल्या. मग नंबर लावला. पाठवणीच्या वेळी त्या माणसानं अण्णांचे दोन्ही हात धरले होते. आता त्याला काय सांगू? तुमची पोरगी सापडत नाही? कड्याला तिची चप्पल मिळाली? कान तर असा सुजला होता की फोन टेकवता येत नव्हता. मी स्पीकर चालू केला. माझ्या फोनचा स्पीकर म्हणजे गणपतीच्या मंडळाला पुरेल.

"बोला की अक्का," ते म्हणाले. मागं दुकानाचा गलका. "झालं दर्शन?"

मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. मोहोळ म्हणाले, मिळेना म्हणाले. पलीकडचा गलका तेवढाच राहिला. आणि मग त्यांनी हाक मारली. फोनमधे हाक मारून काय उपयोग, ती काय फोनमधे होती? पण बापाला कुठलं कळतंय. पोरगी आतल्या खोलीत असावी तशी त्यांनी दुधनीच्या बाजारातून हाक मारली, तिच्या माहेरच्या नावानं, आणि वर कानडीत. "यव्वा, यल्ली अदी?" म्हणजे कुठं आहेस गं माझे आई.

माझ्या पायाखालून आवाज आला.

"अप्पा. इल्ली अदीनी." मी इथं आहे.

मी उभी होते ते धान्याचं जुनं कोठार होतं, जमिनीत बांधलेलं. त्याचं तोंड एका बाजूला, मातीनं अर्धं बुजलेलं, वर घाणेरीचं झुडूप. शाळेच्या सहलीत लपाछपी खेळताना पोरं तिथं लपायची. भाऊ झुडूप उपटून आत शिरला आणि त्यानं तिला ओढून बाहेर आणलं. शालू डोक्यावरून पायापर्यंत गच्च लपेटलेला. तोंड उघडं केलं तर मला ओळखू येईना. डोळे बुजलेले, ओठ, कान, काही जागेवर नाही. माश्यांना चुकवायला ती आधी कड्याच्या वाटेनं पळाली होती, पाय मुरगळला, चप्पल गेली, मग कोठाराची आठवण होऊन रांगत मागं आली होती. श्वास घेताना तिच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज येत होता.  सापडली म्हणजे वाचली असं नव्हतं.

भावानं तिला पाठुंगळी घेतलं. पाच पायऱ्यांना दमलेला माणूस अख्खा गड उतरला, कुठं टेकला नाही. मागच्या वाटेनंच उतरलो, दरवाज्याकडं जायची कुणाची छाती नव्हती. ड्रायव्हर काचा लावून जीपमधे घामाघूम होऊन बसला होता. आईला वडाखालून जीपमधे घेतलं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत आई सुनेच्या तोंडावर पाणी मारत होती आणि कुठल्या कुठल्या देवांना नवस बोलत होती. मी तिला गप्प बस म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ती माझं ऐकून गप्प बसली.

दवाखान्यात डॉक्टर बाईंनी आधी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि मग आम्हाला झापलं. सकाळपासून ही दुसरी पार्टी, म्हणाल्या. शेजारच्या खाटांवर सकाळचे लोक होते, सुजलेले, कण्हत. ती बाटली, ती टोपी, तो डबा त्यांचा. कुणीतरी बुरुजाजवळ चूल पेटवली होती म्हणे. चहावाला त्यांनाच घेऊन आला होता, गल्ला उघडा टाकून, आणि गुरवही त्यातच एका खाटेवर पडला होता. डॉक्टर बाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर हिचा गळा आतून मिटला असता. आता जाईल धोका, पण रात्र इथंच काढा. भाऊ खाटेच्या पायथ्याशी उभा होता, तो हे ऐकून भिंतीला टेकला.

दिवस कलताना तिचे वडील आले. मोटारसायकलवरून, अंगावर दुकानातला भुसा तसाच. आम्हाला कुणाला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, मी तयारीत होते. ते खाटेवर बसले आणि तिचा मुरगळलेला पाय मांडीवर घेतला. औषधाच्या गुंगीत तिनं तो हात ओळखला. "अप्पा," म्हणाली. मग कानडीत बोलायला लागली. आमची आई मैंदर्गीची, त्यामुळं आम्हाला कानडी कळतं. हे तिला ठाऊक नसावं, किंवा त्या वेळी भान नसावं.

"अप्पा, वर आणखी एक पोरगी हरवली होती," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द एकेक करून येत होते. "तिच्या घरची माणसं लई हाका मारत होती. पार माझ्या डोक्यावर उभी राहून मारत होती. मला वाटलं ओरडावं, पण ती बिचारी त्यांच्या माणसाला शोधत होती. म्हटलं, त्यांना त्यांची सापडू दे आधी. मग माझी माणसं येतील."

वडिलांनी विचारलं, "कोण गं पोरगी?"

तिनं नाव सांगितलं. चार दिवस आम्ही तिला ज्या नावानं हाक मारत होतो, ते.

वडिलांनी मान वर करून आमच्याकडं पाहिलं. भावानं तोंड भिंतीकडं केलं. अण्णांना ऐकू आलं नव्हतं, ते माझ्याकडं बघून काय म्हणाली, काय म्हणाली असं खुणेनं विचारत होते. 

"सापडली का ती?" तिनं विचारलं.

 मग आई पुढं झाली. तिनं त्या सुजलेल्या कपाळावर हात ठेवला आणि कानडीतच म्हणाली, "सापडली गं माझी बाई. सापडली ती."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिला झोप लागली.